सुप्याच्या माळावरच्या मंडळींना थँक्यू

रविवारी सकाळी मयूरेश्वर अभयारण्याच्या बाहेरच्या माळावर मला धाविक नावाचा माळावरचा पक्षी दिसला, म्हणजे खरं तर दाखवला गेला, कारण मी दुर्बीण घेऊन दीड तास नुसती ढेकळंच बघत होतो. मेंढरं घेऊन चाललेले एक आजोबा थांबले, काय शोधताय विचारलं आणि काठीने लांब दाखवून म्हणाले, "त्यो बगा, पळतोय आन थांबतोय." आणि खरंच! तुरुतुरु पळायचा, एकदम ताठ उभा राहायचा, मग वाकून किडा टिपायचा. थांबला की मातीत गायबच, तांबूस छाती आणि डोळ्यावरची काळी-पांढरी पट्टी दिसली तेव्हा कुठे खात्री पटली.

फोटोसाठी मी पुढे सरकायला लागलो तर आजोबांनीच अडवलं, पिल्लू असंल म्हणाले, पाय बघून टाका. बरोबर होतं त्यांचं, हा पक्षी घरटं बांधतच नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालतो आणि ती मातीच्याच रंगाची. लाज वाटली जरा, पुस्तकं मी वाचलेली ना!

परतताना बाईक पंक्चर, तेव्हा टेम्पोत गाडी चढवून सुप्यापर्यंत सोडणारे दोन पोरं, पैसे घेतलेच नाहीत, आणि दुकान उघडायच्या आधीच चहा देणाऱ्या ताई, तुमचं कुणाचंच नाव विचारायचं राहिलं बघा. मनापासून आभार. आजोबा, फोटो एकदम ब्लर आलाय, पण पुढच्या वेळी प्रिंट घेऊन येतो.