नववीचं शिबिर रद्द करू नका

महोदय,

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत सहलींची ठरवाठरव सुरू होते. आमच्याकडे यंदा पालकसभेत नववीचं राजगडचं मुक्कामी शिबिर रद्द झालं आणि त्याऐवजी वॉटर पार्कची एका दिवसाची सहल ठरली. 'कुणाला काही झालं तर?' एवढ्या एका प्रश्नावर. प्रश्न रास्त आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याचे महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले, ते कोणताही शिक्षक विसरलेला नाही. पण अनोळखी पाण्यात मुलांचा घोळका उतरणं वेगळं आणि जाणत्या प्रशिक्षकांच्या देखरेखीखालचं शिबिर वेगळं.

मी शारीरिक शिक्षण शिकवते. रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरताना, सगळ्यांत अवघड असतं ते कातळाच्या कडेवरून पहिलं पाऊल मागे टाकणं. हार्नेस म्हणजे कमरेचा पट्टा आवळलेला, हेल्मेट घातलेलं, शिवाय सुरक्षेचा दुसरा दोर. मुलाने सगळं स्वतः तपासलेलं असतं, तरी दरीकडे पाठ करून दोरावर भार टाकायला गुडघे तयार होत नाहीत. गेल्या वर्षी एक मुलगा असाच कडेवर थांबला. उत्तर येत असूनही वर्गात कधी हात वर न करणारा. प्रशिक्षक म्हणाले, "नको वाटत असेल तर ये मागे, काही हरकत नाही." तो मागे आला. कुणी हसलं नाही, कारण हसायचं नाही हे आदल्या रात्रीच ठरलं होतं. दुपारभर तो खाली उभा राहून इतरांना धीर देत राहिला. उन्हं कलल्यावर आपणहून हेल्मेट मागायला आला. उतरताना पाय लटपटत होते, पण "दोर सोडा, अजून सोडा!" असं, म्हणजे सुरक्षेचा दोर सैल करा असं, खणखणीत ओरडत होता. त्याला सकाळीच ढकललं असतं तर तो पुन्हा डोंगराकडे फिरकला नसता, याची मला खात्री आहे.

शिबिरात मुलांनी करायच्या स्वयंपाकाचंही तसंच. खिचडी खाली लागते, वर कच्ची राहते आणि तीच खावी लागते. दुसऱ्या दिवशी तोच गट न सांगता पाणी मोजून घेतो.

हे काही नवं खूळ नाही. दुसऱ्या महायुद्धात बोट बुडाल्यावर तरुण खलाशी वयस्कांच्या आधी धीर सोडतात, असं दिसल्यावर १९४१ मध्ये शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी वेल्समध्ये 'आउटवर्ड बाउंड' या साहसातून शिक्षण देणाऱ्या उपक्रमाची पहिली शाळा काढली. आणि आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांच्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट सर केलं. त्याआधी त्यांच्याकडून कसून सराव करून घेतला होता. आपली मुलं तर फक्त राजगड चढणार आहेत!

राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे, त्यात आयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. पालकांनी सभेत लेखी विचारावं: आयोजकाची नोंदणी आहे का, किती मुलांमागे एक प्रशिक्षक, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाला, रात्री गाडी हाताशी असेल का, जवळचा दवाखाना किती दूर. उत्तरं मिळाली नाहीत तर त्या आयोजकाला खुशाल नकार द्या, शिबिराला नको. फेरविचारासाठी मी शाळेला पत्र दिलं आहे. जानेवारीत गडावर हवा उत्तम असते, तारखा अजून ठरवता येतील.

— एक शिक्षिका, पुणे