रडत रडत वाजवलेलं दार

प्रिय सोन्या,

आता तुला जोडाक्षरंही वाचता येतात, म्हणून हे पत्र तुझ्या दप्तरात ठेवतेय. कुठे अडलास तर आजीला विचार.

मंगळवारी रात्री झोपताना तू म्हणालास, "आई, मी रडलो. म्हणजे मी भित्राच ना?" मी तेव्हा तुला नुसतं कुशीत घेतलं. उत्तर आज देते.

त्या दुपारी आजीच्या रक्तातली साखर एकदम कमी झाली. तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. घरात तुम्ही दोघंच. तू स्टूल ओढलंस, साखरेचा डबा काढलास (निम्मी साखर फरशीवर सांडली, सांडू दे!), आजीला चमचाभर साखर खायला लावलीस आणि रडत रडत समोरच्या काकूंचं दार वाजवलंस. काकू सांगत होत्या, हुंदक्यांमुळे तुला बोलता येईना, पण त्यांचा पदर काही तू सोडला नाहीस. भित्रा मुलगा पलंगाखाली बसला असता रे. तू रडत होतास आणि कामही करत होतास.

22 ऑगस्ट 2018 ला मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. तिथे राहणाऱ्या दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना सांगितलं, सुती कापड ओलं करून नाकातोंडावर धरा. ते ती शाळेत शिकली होती. पुढे तिला शौर्य पुरस्कार मिळाला. तिलाही भीती वाटलीच असेल. पण काय करायचं ते तिला ठाऊक होतं, जसा तुला साखरेचा डबा ठाऊक होता, कारण आजीनेच तो दाखवून ठेवला होता.

म्हणून रविवारी आपण थोडं आणखी शिकू. आजी नीट बोलत असेल, गिळू शकत असेल, तरच साखर द्यायची. हाकेला ओ देत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. लगेच काकूंना बोलवायचं आणि 108 ला फोन. पत्ता सांगताना तू दरवेळी मजला विसरतोस, तो पाठ करू. आणि आग दिसली तर विझवायला जायचं नाही. आजीचा हात धरून बाहेर पडायचं.

साखरेचा डबा मी खालच्या फळीवर ठेवलाय. आता स्टूल लागणार नाही.

तुझी,
आई