काका, फाटलेल्या १७व्या कापाबद्दल आभार

काका, सप्रेम नमस्कार.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला तुम्ही शिंगाड्याचे पातळ काप करून बनवलेल्या स्लाइड्स पोचल्या. डब्यात तुमची पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती : ‘दुसरी रिबन, १७वा काप फाटला आहे. मोजताना धरू नका.’ (रिबन म्हणजे सुरीवरून सलग निघणारी कापांची पट्टी.) स्लाइड्सचे आभार नंतर, आधी या चिठ्ठीचे.

शिंगाड्याचं सगळं भांडणच केंद्रकांच्या मोजणीचं. पूर्वी त्याला पाणलवंगेच्या कुळात, ओनाग्रेसीत, बसवत. चार पाकळ्यांचं फूल आणि पाणथळ जागा पाहिली तर ते पटण्यासारखंही होतं. पण ओनाग्रेसीची खरी खूण भ्रूणकोशात, म्हणजे बीजांडातल्या अंडपेशी असणाऱ्या सूक्ष्म पिशवीत, आहे. तिथे चारच केंद्रकं : अंडपेशीचं एक, दोन सहायक पेशींची दोन आणि एकच ध्रुवीय केंद्रक. अंडपेशीच्या विरुद्ध टोकाच्या अँटिपोडल पेशी तयारच होत नाहीत. ध्रुवीय केंद्रक एकटंच असल्यामुळे भ्रूणपोषही, म्हणजे बीजातल्या भ्रूणाचं अन्न, तिगुणी (गुणसूत्रांच्या तीन संचांचा) न होता द्विगुणी (दोन संचांचा) होतो. शिंगाड्यात मात्र बहुसंख्य सपुष्प वनस्पतींसारखी आठ केंद्रकं, आणि भ्रूणपोष जवळपास नाहीच. उपासाच्या पिठातला स्टार्च येतो तो एकाच जाडजूड बीजदलातून. दुसरं बीजदल खवल्याएवढं. पुढे डीएनएच्या अभ्यासाने शिंगाड्याला मेंदीच्या आणि आपल्या सटाणा-मालेगावच्या डाळिंबाच्या कुळात, लिथ्रेसीत, नेऊन बसवलं. ओनाग्रेसीतून तो बाहेर काढायला भ्रूणविज्ञानाने त्याआधीच सांगितलं होतं.

आता भ्रूणकोश १० मायक्रॉनच्या एका कापात मावत नाही, सलग कापांत वाटला जातो. मधला एक काप गेला की आठाची सहा होतात. त्यात काप तिरका असेल तर चारसुद्धा. अँटिपोडल पेशी अनेकदा लवकर विरघळतात, म्हणून एकाच वयाच्या कळ्या घेतल्या तर मोजणी फसते. आणि चारच दिसली की शिंगाडा परत ओनाग्रेसीत!

याआधी एका प्रयोगशाळेने दिलेल्या स्लाइड्स अगदी चकचकीत होत्या. छापील लेबलं, सॅफ्रॅनिन आणि फास्ट ग्रीन हे रंग लग्नातल्या शालूसारखे खुललेले. पण फाटलेले काप गुपचूप काढून उरलेले शेजारी-शेजारी चिकटवले होते. विचारल्यावर उत्तर आलं, “चित्र तर छान येतंय ना?” येतंय की. पण मोजायचं काय?

तुमची चिठ्ठी याच्या अगदी उलट. स्वतःच्या हातून फाटलेला काप आपणहून दाखवायला माणूस सरळ लागतो, आणि तो कोणता हे सांगायला प्रत्येक काप मोजलेला असावा लागतो. कामात चूक सगळ्यांचीच होते. तिचा नंबर लिहून देणारे किती?

बाकी शिकवलंत तेही नोंदवून ठेवतो. कळ्या टिकवायच्या द्रवाचं, एफएएचं, माप : ७० टक्के अल्कोहोल ९० मिलि, ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ५, फॉर्मॅलिन ५. कळी तरंगत असेल तर आत हवा आहे, द्रव शिरलेला नाही. पाकळ्या काढून अंडाशय उघडा करा, पंपाने हवा ओढा. अल्कोहोल पायरी-पायरीने वाढवा, नाहीतर भ्रूणकोश आकसतो आणि अंडपेशी भिंतीपासून सुटते. शेवटच्या अल्कोहोलात किंचित इओसिन हा रंग, म्हणजे कळी ज्यात बसवून कापायची त्या पांढऱ्या मेणात बीजांड कुठे आहे ते दिसतं आणि बीजांडद्वार वर ठेवून ब्लॉक सरळ बसवता येतो. ओव्हन ६० अंशांच्या फार वर नको, ऊती ठिसूळ होतात. मेण हळूहळू गार झालं तर स्फटिक धरतात, म्हणून ब्लॉक लगेच माठातल्या पाण्यात. आणि नाशिकच्या एप्रिलमध्ये काप घ्यायचे ते सकाळीच, ब्लॉकवर बर्फ फिरवून. दुपारी रिबन सुरीलाच चिकटून बसते. ही युक्ती कुठल्याच प्रात्यक्षिकाच्या वहीत नाही.

डाळिंबाच्या कळ्या लहान-मोठ्या अशा चार वयांच्या घेतल्या आहेत, २४ तास एफएएत ठेवून आता ७० टक्के अल्कोहोलात आहेत. उन्हाळा तापायच्या आत घेऊन येतो. बाटल्यांतल्या चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहिल्यात. शाईच्या मागच्या खेपेला अल्कोहोलात धुऊन गेल्या होत्या, आणि तुम्ही काही बोलला नव्हतात.

आपले,
वनस्पतिशास्त्राचे काही शिक्षक, नाशिक