केसरबाईंच्या शेजारचे गाणे

शिकागो, १२ जानेवारी

तीर्थरूप आई व बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांच्या गुडघ्याचे टाके निघाले, आता सहा आठवडे घरातल्या घरातच चालायचे आहे, हे आईकडून कळले. त्याच फोनवर बाबांनी विचारले, "बारा वर्षे ज्या गावात राहतेस, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ज्या 'ब्लूज' नावाच्या गाण्याचे एवढे कौतुक करतेस, त्यात नेमके ऐकायचे काय?" त्या वेळी मला धड उत्तर देता आले नाही आणि ते आठवडाभर मनात घोळत राहिले. म्हणून हे पत्र लिहीत आहे, आणि सोबत पुण्याला निघालेल्या मैत्रिणीच्या हाती एक पेनड्राइव्ह पाठवत आहे. त्यात आठ फोल्डर आहेत. त्यांना मी क्रमांक घातले आहेत आणि त्याच क्रमाने ऐकावे अशी विनंती आहे.

बाबा, मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या उरुसाच्या बैठकांना तुम्ही मला लहानपणी घेऊन जात होता. गवई समेवर आला की तुमचा हात मांडीवर पडे, आणि घरी परतताना तुम्ही आईला एवढेच सांगत असा की, "आज बैठक जमली" किंवा "आज जमली नाही". त्यापलीकडे समीक्षा नसे. ब्लूजचे अल्बम निवडताना मी तीच कसोटी लावली आहे. ज्या ध्वनिमुद्रणात माणसे एका जागी बसून एकमेकांचे ऐकत गात-वाजवत आहेत, जिथे त्या खोलीचा श्वास कानाला लागतो, तेच मी निवडले. जिथे एकेकाचे वाजवणे वेगवेगळे मुद्रित करून मागाहून जोडले आहे, असे पुष्कळ गाजलेले अल्बम मी बाजूला ठेवले.

पहिल्या फोल्डरमध्ये अल्बम नाही, सव्वातीन मिनिटांच्या आसपासचा एकच तुकडा आहे. १९७७ साली व्हॉयेजर ही दोन अवकाशयाने निघाली तेव्हा त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली होती आणि तिच्यात सुरश्री केसरबाई केरकर यांची 'जात कहाँ हो' ही भैरवी आहे, हे बाबांनीच मला शाळेत असताना अभिमानाने सांगितले होते. त्या तबकडीवर केसरबाईंचे गाणे संपताच जे सुरू होते ते टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचे, १९२७ साली डलास येथे मुद्रित झालेले 'डार्क वॉज द नाइट' आहे. त्यात एकही शब्द नाही. तो केवळ गुणगुणतो, आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारा सूर त्याच्या गळ्याचा माग काढत जातो. जॉन्सन फक्त देवाची गाणी गाई, त्यामुळे आईला हे आपल्या भजनी मंडळातल्या एखाद्या म्हाताऱ्या बुवांच्या आलापासारखे वाटेल असा माझा अंदाज आहे. केसरबाईंची भैरवी आधी लावा आणि लगेच हे लावा. त्यानंतर बोलायला बसलो तर माझे निम्मे काम झालेले असेल.

बाबांना पुढे हिशेब लागेल म्हणून रचनेविषयी थोडे लिहिते. ब्लूजचे नेहमीचे आवर्तन बारा खंडांचे, प्रत्येक खंडात चार मात्रा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस. त्यात तीन ओळी बसतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. प्रत्येक ओळ आपल्या वाट्याची जागा पुरती भरत नाही, आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलते. सुरांचे म्हणाल तर गंधार धड कोमल नाही आणि धड शुद्ध नाही, तो त्या दोहोंच्या मधे कुठेतरी हलत असतो. आपल्या सतारमेकर गल्लीत सतार जुळवून पाहणारा कारागीर तार पडद्यावर बाजूला ओढून जशी मींड काढतो, तशीच तार ओढून गिटारवाला तो गंधार शोधतो. पेटीवर तो सापडणार नाही.

दुसरा फोल्डर खास आईसाठी आहे. मिसिसिपी जॉन हर्ट यांनी १९२८ साली काही गाणी मुद्रित केली, ती फारशी खपली नाहीत, आणि ते ॲव्हलॉन नावाच्या आपल्या खेड्यात शेतीच्या कामाला परत गेले. पस्तीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्यांच्याच एका गाण्यात त्या खेड्याचे नाव आहे एवढ्या धाग्यावरून एक संगीतवेडा तरुण शोधत तिथे पोहोचला, तेव्हा हे गृहस्थ सत्तरीचे झाले होते. त्यानंतर त्यांना जेमतेम तीन वर्षांचे आयुष्य लाभले. 'टुडे!' हा अल्बम १९६६ चा, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीचा आहे. आवाज अगदी हळू, ओसरीवर बसून नातवाशी बोलावे तसा. अंगठा खालच्या तारांवर न चुकता ठेका धरतो आणि बाकीची बोटे वर गाण्याची चाल वाजवतात, त्यामुळे दोन माणसे वाजवत आहेत असे वाटत राहते. दुःखाची गाणीही ते कुणावर ठपका न ठेवता म्हणतात. दुपारी निवडण-टिपण करताना आई हे ऐकेल, तर मला फार बरे वाटेल.

तिसरा फोल्डर मडी वॉटर्स यांच्या 'फोक सिंगर' या १९६४ च्या अल्बमचा, आणि बाबा, संपूर्ण पेनड्राइव्हमधून एकच ऐकायचे असेल तर हा ऐका. मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर राबणारे. १९४१ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वतीने लोकगीते जमवणारे ॲलन लोमॅक्स तिथे गेले आणि त्यांनी मडींचे गाणे पहिल्यांदा मुद्रित केले. दोन वर्षांनी मडी आगगाडीने शिकागोला आले. दक्षिणेतून त्या काळात लाखो कृष्णवर्णीय माणसे उत्तरेकडच्या शहरांत कामासाठी आली, त्या लोंढ्यातले ते एक. इथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यांनी विजेवरची गिटार धरली आणि शिकागोचा ब्लूज घडला. या अल्बममध्ये मात्र ते पुन्हा साध्या गिटारकडे वळले आहेत. सोबत बडी गाय हा सत्तावीस वर्षांचा तरुण दुसऱ्या गिटारवर, विली डिक्सन खर्जातल्या उभ्या बेसवर, आणि मागे अगदी हलका ड्रम. मडी एक शब्द उच्चारतात आणि थांबतात. ती स्तब्धता एवढी लांबते की आपणच श्वास रोखून धरतो, आणि मग बडी गाय दोनच स्वर टाकतो. ज्येष्ठ गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याने आपली वेळ ओळखून एक सूर लावावा, तसे ते आहे.

तो अल्बम काढणाऱ्या चेस कंपनीची जुनी इमारत साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवर २१२० क्रमांकाला अजून उभी आहे. मी तिथे दोनदा जाऊन आले. बडी गाय यांनाही त्यांच्याच क्लबमध्ये २०१९ च्या जानेवारीत ऐकले. बाहेर बर्फ साचला होता आणि वयाची ऐंशी ओलांडलेले ते गृहस्थ वाजवत वाजवत मंचावरून उतरून आमच्या टेबलापर्यंत आले. गिटारच्या गळ्यावर त्यांची बोटे मी हातभर अंतरावरून पाहिली. तार ओढताना त्यांची तीन बोटे एकमेकांना टेकू देत होती, आणि सूर जागेवर पोहोचला तसे त्यांनी क्षणभर डोळे मिटले. हेच बडी गाय २०११ साली मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत येऊन वाजवून गेले होते. तेव्हा मला या गाण्याची काहीच ओळख नव्हती, याची चुटपुट अजून आहे.

चौथा फोल्डर बी. बी. किंग यांच्या 'लाइव्ह ॲट द रीगल' चा आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी शिकागोच्या दक्षिण भागातल्या रीगल थिएटरात तो मुद्रित झाला. आईने दचकू नये, लोक मधेच किंचाळतात, विशेषतः बायका. ती त्यांची दाद आहे. एका गाण्यात नवरा आपण बायकोला काय काय दिले ते सांगत जातो, तिने प्रत्येक गोष्टीला कसे नाक मुरडले ते सांगतो, आणि शेवटी म्हणतो की, सात मुले दिली तर आता म्हणते ती परत घे. त्या ओळीला सगळे थिएटर जे उसळते, ते ऐकताना मला उरुसात समेवर उठणारा एकमुखी हुंकार आठवतो. किंग स्वतः म्हणत की त्यांना गाता गाता वाजवता येत नाही. म्हणून ते ओळ गातात, गळा थांबतो आणि गिटार ती ओळ पुढे नेते. सारंगीची साथ ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळे समजवावे लागणार नाही. त्यांच्या नात्यातले बुका व्हाइट तारेवर नळी घसरवून वाजवत. किंगना ते साधेना, म्हणून त्यांनी तसा आवाज बोटाच्या कंपनाने काढायचा प्रयत्न केला आणि त्यातून त्यांची स्वतःची खूण तयार झाली.

पाचव्यात मडी वॉटर्स पुन्हा आहेत. 'हार्ड अगेन', १९७७. जॉनी विंटर या तरुण गोऱ्या गिटारवाल्याने त्यांना मानाने बसवून हा करवून घेतला. पहिल्याच गाण्यात मागून ओरडून दाद देणारा आवाज त्याचा आहे. सहाव्यात इंग्लंडच्या जॉन मेयॉल यांचा एरिक क्लॅप्टनबरोबरचा १९६६ चा 'ब्लूज ब्रेकर्स' हा अल्बम आहे. ब्लूजचे रॉक कसे झाले ते कळावे एवढ्यासाठी तो ठेवला आहे. बाबांना तो कर्कश वाटला तर पुढे जावे.

सातवा मात्र सोडू नये. ऑलमन ब्रदर्स बँडचा 'ॲट फिलमोर ईस्ट' न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या मार्चमध्ये लोकांसमोर मुद्रित झाला. दोन गिटार, दोन ड्रम, बेस आणि ऑर्गन. ड्वेन ऑलमन बोटात औषधाची काचेची रिकामी बाटली घालून ती तारेवर घसरवीत असे. सुरुवातीचे 'स्टेट्सबरो ब्लूज' हे १९२८ चे जुने गाणे त्याने त्या बाटलीवर असे वाजवले आहे की मूळ गाणाऱ्याला पोच मिळाली असती. शेवटचे 'व्हिपिंग पोस्ट' जवळजवळ तेवीस मिनिटांचे आहे. त्याची सुरुवात बेसवर होते. बाबांनी मांडीवर हात ठेवून मोजावे : तीन, तीन, तीन आणि दोन, अशा अकरा मात्रा आहेत. पुढे मधल्या भागात ठेका जवळजवळ नाहीसा होतो आणि सहाजण अंधारात एकमेकांना चाचपडत शोधावे तसे वाजवत राहतात. मुद्रणानंतर आठ महिन्यांच्या आत, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला.

रॉबर्ट जॉन्सन यांची १९३६ आणि १९३७ मध्ये मुद्रित झालेली एकोणतीस गाणी मी या वेळी पाठवली नाहीत. ते सगळ्यांचे मूळपुरुष मानले जातात, पण ते एकटे गातात, आणि त्यांच्या नंतरचे लोक कानात बसल्यावर ते अधिक लागतात असा माझा अनुभव आहे. पुढच्या खेपेला पाठवीन.

आठवा फोल्डर रात्री दिवे मालवल्यावर लावा. कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा इथल्या एका चर्चमध्ये १९९२ साली राय कूडर आणि आपले पं. विश्वमोहन भट्ट समोरासमोर बसले. ओळख त्याच दिवशी झालेली, तालीम नाही. भट्टजींची गिटारवर बेतलेली मोहनवीणा, कूडर यांची गिटार, तबला, आणि कूडर यांच्या चौदा वर्षांच्या मुलाचे एक तालवाद्य. 'अ मीटिंग बाय द रिव्हर' असे अल्बमचे नाव, चारच रचना, चाळीस मिनिटे. तिसरीचे नाव 'गंगेज डेल्टा ब्लूज' आहे. तिच्यात एकाच्या हातातली मींड संपते आणि दुसऱ्याच्या हातातली सुरू होते तो सांधा मला अजून नेमका पकडता आलेला नाही. बाबा, तो तुम्हाला सापडेल अशी माझी खात्री आहे.

आईने पेनड्राइव्ह टीव्हीला न लावता कपाटावरच्या म्युझिक सिस्टिमला लावावा, आवाज त्यात जास्त भरीव येतो. बाबांनी ऐकताना पाय उशीवर ठेवावा आणि 'व्हिपिंग पोस्ट'ला ठेका धरावासा वाटला तरी तो हातानेच धरावा. पुढच्या रविवारी तुमच्याकडे सकाळचे नऊ वाजतील तेव्हा फोन करीन. तोवर निदान तिसऱ्या फोल्डरपर्यंत या, आणि मला फक्त एवढेच सांगा, बैठक जमली की नाही.

तुमची,
मंजू