यामामोटोचा दाखला पुरे, क्लाइन शिकवा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर क्रिकेट, कुस्ती आणि कबड्डीतून जागा उरली तर फुटबॉल येतो. बेसबॉलची पाळी कधी येणार याची वाट पाहण्यात अर्थ नाही, म्हणून सरळ पत्रच लिहितो. बेळगाव, खानापूर भागात हा खेळ खेळणारी शाळकरी मुले मूठभरच आहेत. पण त्यांच्यातल्या पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) खांद्याशी जे चालले आहे, ते सोडून देण्यासारखे नाही. सामन्याच्या मधल्या दोन-चार इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी) टाकणारा दुसरा पिचर तयार करा, एवढेच सांगायचे आहे.

2025 ची वर्ल्ड सिरीज (अमेरिकेतल्या मेजर लीगची अंतिम मालिका) झाल्यापासून मैदानावर एक दाखला फार चालतो. मुलगा दमला, कोपर चोळू लागला की बाहेरून हाक येते, "यामामोटोनं काल 96 टाकले नि आज परत उभारला, तुला काय धाड भरलीय?" मुलगाही लाजेकाजेस्तव म्हणतो, "टाकतो की सर, आणि एक इनिंग."

घडले ते अचाटच होते. टोरांटोतला सातवा, निर्णायक सामना आपल्याकडे 2 नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला सुरू झाला. आदल्या दिवशी काळा दिन, आणि त्या रविवारी रात्री नवी मुंबईत आपल्या मुलींचा विश्वचषकाचा अंतिम सामना. मधल्या या सामन्याला बेळगावात प्रेक्षक ते किती असणार! लॉस एंजेलिस डॉजर्सचा योशिनोबू यामामोटो सहाव्या सामन्यात 96 चेंडू टाकून दुसऱ्याच दिवशी पुन्हा आला, आणखी 34 चेंडू टाकून आठ आउट मिळवले आणि टोरांटोचे ब्लू जेज 11 इनिंगमध्ये 5-4 असे हरले. पण तो 27 वर्षांचा कसलेला व्यावसायिक, सामना वर्षातला शेवटचा, आणि पुढे तीन महिने विश्रांती. आपल्या नववीतल्या पोराला उद्या सकाळी उपांत्य सामना असतो.

मला हवा असलेला दाखला त्याच मालिकेच्या तिसऱ्या सामन्यातला आहे. सामना 18 इनिंग लांबला. डॉजर्सचे नऊ पिचर वापरून झाले, तेव्हा बुलपेनमध्ये (बदली पिचरांच्या राखीव जागेत) उरलेला शेवटचा माणूस, विल क्लाइन, उभा राहिला. चार इनिंग, 72 चेंडू, धाव एकही नाही. मग फ्रेडी फ्रीमनने होमरन मारून सामना संपवला आणि मथळे त्याच्या नावाचे झाले. यामामोटो त्या रात्रीही बुलपेनमध्ये हात गरम करत होता. क्लाइनमुळे त्याला यावे लागले नाही. संघातली भोके बुजवतो तो हा असा माणूस.

गणित साधे आहे. स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) पाच इनिंग टाकून गेला की सामन्याच्या नऊपैकी चार उरतात. एकेक इनिंग टाकणाऱ्यांनी ती भरायची तर रोज चार माणसे लागतात. मेजर लीगच्या 26 जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त 13; पाच स्टार्टर वजा केले की बुलपेनमध्ये आठ. म्हणजे प्रत्येकाला एक दिवसाआड जुंपायचे, तेही 162 सामने. त्यात एखादा स्टार्टर जायबंदी झाला की सगळे कोलमडते. तीन इनिंग खात्रीने टाकणारा एकजण हाताशी असेल तर त्या दिवशी आणखी एकाच माणसावर भागते. शिवाय फलंदाज एकाच पिचरपुढे तिसऱ्यांदा आला की त्याला जास्त चांगला मारतो, हे तिथल्या आकडेवारीत पुन्हा पुन्हा दिसले आहे. मधला माणूस आला की फलंदाजाला ओळख पहिल्यापासून करून घ्यावी लागते. क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की बदलून बाहेर बसवलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. दुसऱ्या स्पेलसाठी राखून ठेवायची सोय इथे नाही.

हे नवे खूळ मुळीच नव्हे. माइक मार्शलने 1974 मध्ये एकदाही सुरुवात न करता 106 सामन्यांत 208 इनिंग टाकल्या आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला रिलीव्हर (बदली पिचर) ठरला. (इतके कुणी टाकावे असे मी म्हणत नाही.) पुढे 1988 च्या सुमारास ओकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी डेनिस एकर्स्लीला नवव्या इनिंगपुरता राखला, आणि सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. निसटती आघाडी राखून सामना संपवणाऱ्याच्या नावावर लागणारा सेव्हचा आकडा 1969 पासून अधिकृत धरला जातो, त्यामुळे सर्वांत चांगला रिलीव्हर आकड्यासाठी नवव्या इनिंगची वाट बघत बसून राही आणि सामना सहाव्यातच हातचा जाई. 2016 मध्ये क्लीव्हलँडचे करॅस्को आणि सालाझार हे दोन स्टार्टर जायबंदी असताना व्यवस्थापक टेरी फ्रँकोना यांनी ही चाल मोडली. रिलीव्हर अँड्र्यू मिलरला ते पाचव्या-सहाव्यातही आणत, एका इनिंगवर थांबवत नसत. त्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) त्याने 10 सामन्यांत 19 इनिंगहून जास्त टाकून 30 जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. अंतिम सामन्यात त्याने मार खाल्ला आणि क्लीव्हलँड हरले, हे खरे; पण दोन स्टार्टर नसताना संघ सातव्या सामन्याच्या दहाव्या इनिंगपर्यंत पोहोचला.

मधल्या इनिंग टाकणाऱ्याच्या या भूमिकेत दुखणेही आहे. तीन इनिंग टाकणारा पुढचे एक-दोन दिवस कामाचा नसतो, हे विसरून त्याला पुन्हा बोलावणारे व्यवस्थापक तिकडेही आहेत. आणि कौतुक बहुधा दुसऱ्याच्याच वाट्याला जाते. कित्येकदा चार इनिंग टाकून संघाला वाचवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी खालच्या मायनर लीगची वाट धरावी लागते, कारण त्याच्या जागी ताजा हात हवा असतो.

आता आपल्या मैदानाकडे येतो. शाळेच्या संघात पिचर म्हणवणारा एकच असतो, फार तर दीड. सात इनिंगचा सामना तोच काढतो, आणि हात जोरकस म्हणून दुसऱ्या सामन्यात त्यालाच कॅचर (पिचरचे चेंडू झेलून परत फेकणारा) करतात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची पिच स्मार्ट नावाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. त्यांत 15-16 वयाच्या मुलाला दिवसाला 95 चेंडूंची मर्यादा आहे. 76 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, 30 पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकायला हरकत नाही. इनिंगला साधारण 15 चेंडू धरा. दोन इनिंग म्हणजे 30. म्हणजे एकाने तीन आणि दोघांनी दोन-दोन काढल्या, तर ते दोघे दुसऱ्या दिवशीही उभे राहू शकतात. आपल्याला हवे ते हे दोघे.

ते संघातच असतात. शॉर्टस्टॉपवरून (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या जागेवरून) पहिल्या बेसवर सरळ रेषेत फेकणारा मुलगा, नाही तर सेंटर फील्डवरचा. दोन इनिंगसाठी त्याला चार तऱ्हेचे चेंडू लागत नाहीत. फास्टबॉल आणि हाताच्या त्याच हालचालीने सोडलेला संथ चेंजअप पुरे. वळणारा कर्व्ह शिकवायची घाई नको. त्याला आपली पाळी सकाळीच माहीत असावी आणि आदल्या इनिंगमध्ये फक्कीच्या रेषेबाहेर कुणीतरी त्याच्याकडून दहा-पंधरा चेंडू टाकून घ्यावेत. पहिल्या पिचरला बाहेर न बसवता राइट फील्डला पाठवले तर त्याची फलंदाजीही हातची जात नाही. बदलायचे केव्हा, हे कॅचरला विचारा. थकलेल्या मुलाचा कोपर खाली येतो आणि चेंडू वर राहू लागतो. कॅचरने ग्लोव्ह गुडघ्यापाशी धरलाय आणि चेंडू छातीशी येतोय, असे लागोपाठ दिसले की इनिंग संपायची वाट पाहू नये.

तालुका आणि जिल्हा पातळीवर स्पर्धा भरवणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे: प्रत्येक पिचरने टाकलेले चेंडू स्कोअरशीटवर लिहा आणि ते शीट दुसऱ्या दिवशीच्या पंचांच्या हाती द्या. खर्च काही नाही, एक जादा रकाना आखायचा आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
टिळकवाडी, बेळगाव