मुंबईला निघण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर विषय काढला की बाबा "जा की, आमचं काय अडलंय" म्हणतात आणि आई गप्प होते. म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. शाळेच्या मुलांना घेऊन मुंबईला जायचं पक्कं झालंय. गुरुवारी संध्याकाळी बेळगावहून गाडी, शुक्रवार ते रविवार विद्यार्थी पत्रकारांचं संमेलन, सोमवारी सकाळी परत. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन पंधरवडाही झालेला नसताना घर सोडून जायचं, हे मला जड जातंय. पण तारीख माझ्या हातात नव्हती. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला मुंबईत 'दर्पण' हे वर्तमानपत्र काढलं, त्या दिवसाला धरून हे संमेलन ठेवलंय.

माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी जावं, हेही बघितलं. निवडलेल्या मुलांत मुली जास्त आहेत, आणि बरोबर बाई नसेल तर त्यांच्या घरचे पाठवणार नाहीत. बीईओ, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या परवानगीपत्रावर माझं नाव आहे. ते बदलायचं तर अर्ज पहिल्यापासून करायचा, आणि तोवर संमेलन होऊन जाणार. मी थांबले तर मुलीच थांबतात, एवढंच त्याचं उत्तर आहे.

शाळेचं पत्रक तुम्ही बघितलंय. एथ्री कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून मजकूर थोडा जास्त झाला तरी एखादं पान वाढवता येत नाही, वाढली तर चारच वाढतात. मग काटछाट आली, आणि ती नेहमी खालून होते. आमची मुलं बातमी निबंधासारखी लिहितात. "पाणी हे जीवन आहे" पासून सुरुवात, आणि गल्लीतली बोअर बंद पडल्याचं पाचव्या परिच्छेदात. खालून कापलं की बोअरच जाते, जीवन तेवढं उरतं. काय झालं, कुठं, कधी, कुणाला त्रास झाला, हे पहिल्या दोन वाक्यांत आलं पाहिजे. वर्गात शंभरदा सांगून जे होत नाही ते संमेलनातल्या स्पर्धेत होतं. समोर कागद ठेवतात, एका तासात बातमी आणि मथळा मागतात. घड्याळ चालू असलं की मुलं आपोआप मुद्द्यावर येतात.

दुसरं सत्र कायद्याचं आहे, आणि ते मला सगळ्यात जास्त हवंय. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाला तर पोक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे त्याचं नाव, फोटो, पत्ता, घरच्यांची माहिती, शाळेचं नावसुद्धा छापता येत नाही. खेड्यात नाव न छापताही "अमक्या गल्लीतली मुलगी" म्हटलं की सगळ्यांना कळतं. हे मुलांना आत्ताच समजलं पाहिजे. हातात मोबाइल आहेच, उद्या हीच मुलं बातम्या पसरवणार.

आणि बाबा, तुम्ही विचारलंत ना, आपल्या सीमाभागातल्या पोरांना तिथं कोण विचारणार म्हणून? 'दर्पण'मध्ये इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारीशेजारी रकान्यांत असायचा. आमची मुलं पंचायतीची कानडी नोटीस वाचतात आणि तिची मराठी बातमी करतात, तारीख आणि आकडे न चुकवता. दोन भाषांतनं खरं-खोटं ताडून बघायची सवय त्यांना घरबसल्या लागलीय. ती घेऊन त्यांनी मुंबईत ताठ उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

माझी काळजी करू नका. पुरुष शिक्षक दोघे बरोबर आहेत. रात्रीचं जेवण घरचंच, चपाती आणि शेंगदाण्याची चटणी, प्रवासात दही-भात कुणालाच द्यायचा नाही असं ठरलंय. दादरला उतरलं की लोकलमध्ये चढायचं नाही. सकाळच्या गर्दीत अर्धी मुलं आत आणि अर्धी फलाटावर, असं होतं. ठरवलेली मिनीबस येणार आहे. प्रत्येक मुलाच्या खिशात फोन नंबरांचं कार्ड असेल, पिशवीत नाही, कारण हरवते ती पिशवीच. राहायची खोली मुलींच्या मजल्यावरच आहे आणि गरम पाणी आहे. आई, स्वेटर घेतलाय.

आता तुमचं. धाकटी गुरुवारी दुपारी निपाणीहून येतेय. कर्नाटकातल्या बायकांसाठीच्या शक्ती योजनेत तिला बसचं तिकीट लागत नाही, तेव्हा "कशाला खर्च करून आलीस" म्हणू नका. शनिवारी दादा गोव्याहून येईल. आत्यांच्या वेळचं मनात आणू नका. तेव्हा घरात कुणी नव्हतं, आता आहे.

बाबांचे थेंब. बाटल्यांवर मी 1 आणि 2 लिहिलंय. डॉक्टरांनी आता दिवसातून चार वेळा सांगितलेत: सकाळी 7, दुपारी 12, संध्याकाळी 5, रात्री 9. आधी साबणानं हात धुवायचे. 1 नंबरची बाटली हलवून घ्यायची, कारण औषध तळाला बसतं, न हलवता घातलं तर नुसतं वरचं पाणी पडतं. खालची पापणी बोटानं ओढायची, तिथं एकच थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा हलकेच मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. 2 नंबरची पाच मिनिटांनी. लगेच घातली तर पहिलं धुऊन जातं. डोळा स्वच्छ दिसायला लागला म्हणून बाबांनी मनानं थेंब बंद करायचे नाहीत. ते हळूहळूच कमी करायचे असतात, एकदम थांबवले तर सूज परत येते.

रात्री डोळ्यावरची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीनं लावूनच झोपा, झोपेत हात जातो. अंघोळ मानेखालून. वाकून घागर उचलायची नाही. आणि खळ्यावर अजिबात जायचं नाही. मळणी राहिलीय हे मला माहीत आहे, पण भाताच्या तुसाची धूळ डोळ्यात गेली तर सगळं मुसळ केरात. मामा बघतील मळणीचं. आई, बाबांना चुलीपुढं शेकायला बसू देऊ नकोस, थंडी वाजली तर घोंगडं दे. डोळा दुखायला लागला, लाली वाढली, घाण यायला लागली, एकदम अंधुक झालं, किंवा काळे ठिपके, चमक, पडदा आल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मी येईपर्यंत थांबायचं नाही.

पेपर वाचल्यानं डोळा बिघडत नाही, पण नवा नंबर लागेपर्यंत कपाळ दुखतं. म्हणून धाकटीच्या मुलाला सांगितलंय, रोज सकाळी 'तरुण भारत' वाचून दाखवायचा. मला ताप आला की तुम्ही उशाशी बसून मथळे वाचायचात आणि मी डोळे मिटून ऐकत पडायची, तसं पडून ऐका. तो अडखळला तर रागावू नका हं बाबा.

आई, तू सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवतेस, ते या दिवसांत चालणार नाही. साखरेची गोळी घेतली की लगेच न्याहारी. हात थरथरले, घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पी, पंधरा मिनिटांनी साखर तपास, तरी कमीच असेल तर परत घे. बरं वाटलं की भाकरी खा. तिळाचे लाडू मी आल्यावर करू, तू एकटी पाक करायला बसू नकोस. तू केलेला पाक चुकत नाही, पण कढईपुढं उभं राहून तुझे पाय सुजतात, आणि ते तू कुणाला सांगत नाहीस.

मी रात्री साडेनऊला फोन करीन, नऊचे थेंब घालून झाल्यावर. गाडीत रेंज गेली तर घाबरू नका, मिरज, पुणे अशा मोठ्या स्टेशनवर लागतेच.

मंगळवारी बाबांची तपासणी आहे, त्याला मी असणार. केसपेपर, दोन्ही बाटल्या, आधारकार्ड आणि काळा चष्मा सोमवारी रात्रीच पिशवीत भरून ठेवा. मामा सकाळी आठला गाडी घेऊन येतील. बाबा, "बसनं जातो की" म्हणून त्यांना परत पाठवू नका.

तुमची,
थोरली