आधी वेळापत्रके जुळवा

महोदय,
महानगरात रेल्वे, बस अशा सर्व वाहनांसाठी ‘एक तिकीट’ हवेच, पण त्याआधी वेळापत्रके जुळायला हवीत. रेल्वेगाडी दर २० मिनिटांनी आणि बस दर ३० मिनिटांनी असेल, तर दोघींची गाठ तासातून एकदाच पडते. बाकीचे प्रवासी ताटकळतात. बस २० किंवा ४० मिनिटांवर आणली की प्रत्येक बसला गाडी मिळते. फलाटापासून थांब्यापर्यंत चालायला ४ मिनिटे लागत असतील, तर बस गाडीनंतर ६-७ मिनिटांनी सुटावी. शेवटच्या गाडीसाठी तर बसने थांबलेच पाहिजे! मात्र प्रत्येक संस्थेचा गल्ला वेगळा असेल, तर दुसऱ्याच्या प्रवाशासाठी कोण थांबणार? जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये १९६५ सालीच वाहतूक संस्थांचा संघ स्थापन झाला, तो सामायिक भाडे आणि एकत्रित नियोजनासाठीच. उत्पन्नवाटपाचा करार आधी व्हावा, तिकिटाच्या कार्डयंत्रांची खरेदी नंतर.